मिठाच्या पाण्याचा धडा

आर्वीच्या स्टेशनावर छोट्या गाडीत बसलो तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, एक फिरकीचा तांब्या आणि नागपूरच्या इस्पितळातील डॉक्टरांच्या नावे लिहिलेले बंद पाकीट होते. पाकिटातील मजकूर मला ठाऊक होता. पोटात गाठ होती, ती कापून निघण्याजोगी नव्हती, आणि क्ष-किरणांच्या उपचाराची सोय आता नागपुरातही झाली होती. परत आल्यावर मित्रांनी हकीकत लिहून मागितली. ज्यांना याच वाटेने जावे लागेल त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून काहीही न लपवता लिहितो.

पुलगावला मोठी गाडी धरली आणि दुपारी नागपूरला उतरलो. टांगेवाल्याने माझी टोपी न्याहाळून विचारले, "कुठी जाचं मास्तर?" इस्पितळाचे नाव सांगताच तो म्हणाला, "कोनाले पाहाले?" मी म्हणालो, "स्वतःलाच दाखवायला." त्यानंतर सीताबर्डीच्या किल्ल्याखालून जाईपर्यंत तो घोड्याशीसुद्धा बोलला नाही.

किरण म्हणजे एक प्रकारचे ऊन, तेव्हा ते पोळणार, अशी माझी समजूत होती. डॉक्टरांनी माझ्या पोटावर जांभळ्या शाईने एक चौकोन आखला. "ही रेघ पुसायची नाही, इथे साबण लावायचा नाही, धोतराची गाठ यावर येऊ द्यायची नाही," असे बजावून ते जाड भिंतीपलीकडे गेले. यंत्र घरघरले, तारा तापल्यासारखा वास आला, आणि संपले. मला काहीच जाणवले नव्हते. यंत्राचा दिवा विझल्यावरही मी दातओठ आवळून पडून होतो. जे जाणवतही नाही ते आपल्या आत काम करून गेले, या विचाराचा धक्का पोळण्याहून मोठा होता.

चौथ्या दिवशी मळमळ सुरू झाली. मी शहराच्या महाल भागात एक खोली घेतली होती. संत्र्यांचा हंगाम होता आणि गल्लीच्या तोंडाशी टोपल्याच टोपल्या होत्या. येताना टोपलीभर संत्री आणतो, असे मी घरी कबूल करून आलो होतो. त्याच फळाच्या वासाने मी भर दिवसा, येत्याजात्या लोकांदेखत, नालीवर वाकलो.

यावर माझ्याजवळ उपाय होता. आमच्या घरी पित्त झाले की ते 'पाडतात'. कोमट पाण्यात मूठभर मीठ घालून तांब्याभर पाणी एका दमात प्यायचे, मग दोन बोटे घशात घालायची. वडील हेच करीत, मीही वर्षानुवर्षे करीत आलो. पोट रिकामे झाले की तासभर खरोखर हलके वाटते. मी हा नेम रोज सकाळी सुरू केला.

इस्पितळाच्या बाकावर माझ्या शेजारी महालातील एका विणकराची बायको, पार्वती, सासूबरोबर बसत असे. तिचीही गाठ पोटातच होती. सासू मला म्हणाली, "हिले पान्याचा घोट नाही पचून राहिला. काल भाकर टाकली तं वासानंच पळाली. म्या म्हनलं, माह्या भाकरीनं तुह्यं काय घोडं मारलं वं?"

"भाकरीचं नाही जी, धुराचं," पार्वती हसत म्हणाली. "मास्तर, तुमाले नाही होत काहीच?"

मी तिला मिठाच्या पाण्याची कृती सांगितली. मीठ किती, पाणी किती, कोणत्या वेळी. तीन वेळा म्हणवून घेतली, कारण धडा पक्का झाल्यावाचून मी कधी पुढे सरकत नाही.

आठ दिवसांनी तिचे वजन झाले. डॉक्टरांनी काटा दोनदा तपासला. "सात पौंड उतरलीस! असे चालले तर किरण बंद करावे लागतील, आणि अर्ध्यावर सोडले तर गाठ पुन्हा वाढेल. खातेस काय?"

सासू म्हणाली, "खाते कुठची जी? रोज सकाळी मीठपानी पिते अन् ओकते. औषधच हाय ना थे?"

"हे औषध कोणी सांगितले?"

सासूने तोंड उघडले, तोच पार्वतीने तिचा हात दाबला. "असंच ऐकलं होतं जी," ती जमिनीकडे पाहत म्हणाली.

मी उठून उभा राहिलो. "मी सांगितले. मी स्वतःही तेच करतो."

"तुम्ही शिक्षक ना?" डॉक्टरांनी विचारले. मग त्यांनी समजावले. ही मळमळ साचलेल्या पित्ताची नव्हे, किरणांची. ती ओकून जात नाही. ओकण्याने अंगातले पाणी आणि बळ मात्र जाते. त्यांनी पार्वतीचे किरण पाच दिवस थांबवले. तेवढ्या दिवसांत वजन वाढले तर पुढे, नाहीतर नाही.

मी माझेही मिठाचे पाणी सोडले आणि ते पाच दिवस सकाळ-संध्याकाळ तिच्या घरी गेलो. डॉक्टरांनी सांगितलेले तेवढेच सांगायचे, पदरचे काही घालायचे नाही, असे ठरवले होते. भरपेट जेवायचे नाही. दर दोन तासांनी अर्धी वाटी. गरम अन्नाचा वास उठतो, म्हणून भाताची पेज निववून, चिमूटभर मीठ घालून घ्यायची. मध्ये कोरड्या लाह्या. पाणी जेवणाबरोबर नको, अधूनमधून घोट घोट. जेवल्यावर लगेच आडवे व्हायचे नाही, टेकून बसायचे. सासूने धूर नको म्हणून चूल शेजारणीच्या अंगणात नेली आणि दिवसभर तिथून बडबडत राहिली, "सून माही, अन् धूर लोकाईच्या घरी!"

तिसऱ्या दिवशी माग थांबवून नवरा दाराशी आला. "मास्तर, आज तिनं मांगून खाल्लं," तो म्हणाला. मी ओट्यावरच बसलो.

पार्वतीला मी विचारले, "डॉक्टरांना माझे नाव का सांगितले नाहीस?"

"काहून सांगू जी? डॉक्टर रागावून तुमालेच हाकलते तं? तुमची बी गाठच हाय ना."

मी शिकवलेल्या उपायाने ती वाळत होती, आणि तिला काळजी माझी होती.

सहाव्या दिवशी काटा अडीच पौंड वर गेला. डॉक्टरांनी काटा पाहिला, तिचे डोळे पाहिले आणि म्हणाले, "आत चल." दार बंद झाले, घरघर सुरू झाली.

माझे किरण आधी संपले, तिचे आणखी नऊ दिवस उरले होते. दोघांच्याही गाठीचे काय होते ते काही महिन्यांनी कळेल, असे डॉक्टर म्हणाले. याहून अधिक मला ठाऊक नाही, म्हणून लिहीत नाही.

पुलगावहून छोट्या गाडीत बसलो तेव्हा समोरच्या बाकावर आर्वीचे एक ओळखीचे गृहस्थ होते. छातीवर हात चोळत म्हणाले, "पित्तानं जीव हैराण केला गुरुजी. तुमच्यापाशी नक्की काही उपाय असंल."

उपाय ओठांवर आला होता. मिठाचे माप, पाण्याचे माप, सगळे.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "डॉक्टरांना दाखवा."

ते माझ्याकडे असे पाहू लागले की जणू या आजाराने माझी बुद्धीच गेली. आर्वी येईपर्यंत त्यांनी मला दुसरे काही विचारले नाही.