दुनळीवर घातलेलं नाव

आमच्या घरात नाव नसलेलं भांडं नाही. तांब्या, परात, कळशी, सगळ्यांवर नाव. वसईत आमच्या आळीत लग्नकार्य निघालं की सगळ्या घरांची भांडी एका मांडवात येतात, आणि परत जाताना ज्याच्यावर नाव असेल तेच आपल्या घरी पोचतं. आमचा एक मोठा जर्मनचा टोप नाव घालायचा राहिला होता. तो गेला तो गेलाच. कुठे आहे ते मला माहीत आहे. त्या घरी जेवायला गेलो की त्यातलाच भात माझ्या पानात पडतो, पण बोलता येत नाही. हे सांगायचं कारण म्हणजे, मी माझ्या बंदुकीवर नाव घातलं त्याला लोक हसतात. त्यांचा टोप अजून गेला नसेल.

बंदूक आजोबांची. दुनळी, विलायती, वर दोन घोडे. वाडीतल्या चिकूवर वाघळं बसायची म्हणून त्यांनी ती आणली. त्यांच्यानंतर वडिलांकडे आली आणि वडिलांनंतर परवाना माझ्या नावावर झाला. मी थोरला, आणि वाडीत राहिलो तोही मीच. धाकटा भाऊ शिकला, मुंबईत नोकरी केली, आता निवृत्त होऊन वसईतच एव्हरशाईन सिटीत फ्लॅटमध्ये असतो. मी चौथीनंतर शाळेत गेलो नाही. मास्तरांशी पटलं नाही. चूक मास्तरांची होती.

घोड्यांच्या खाली दोन्ही बाजूंना पोलादी पट्टी आहे. उजव्या पट्टीवर वेलबुट्टी, गवत आणि गवतातून उडणारे दोन पक्षी कोरलेले आहेत. वडील म्हणायचे ते तित्तर. मी लहानपणापासून सांगत आलो की ती बदकं आहेत. डाव्या पट्टीला नुसती वेलाची किनार, मधे सगळं मोकळं. इतकी चांगली जागा कोणी अशीच सोडतं का? विलायतेतल्या माणसाला घाई असणार.

माझ्या हातून आजवर एकही वाघूळ पडलेलं नाही. पण वाडीतल्या बंदुकीचं काम आवाज करणं. लागणं न लागणं हा वाघळाच्या नशिबाचा भाग. आता तर चारी बाजूंनी बिल्डिंगा झाल्या. बार काढला तर वाघळाच्या आधी सोसायटीचा सेक्रेटरी उडेल. म्हणून बंदूक कपाटात असते. दसऱ्याला बाहेर येते, झेंडूची माळ घालून घेते आणि परत आत जाते.

आणखी एकदा बाहेर पडते, ती निवडणुकीला. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. तिथे दस्त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधतात. एका निवडणुकीत माझ्या बंदुकीची चिठ्ठी उंदरानं खाल्ली. निकालानंतर आणायला गेलो तर हवालदारानं मला चांदीपच्या कुणा शेतकऱ्याची एकनळी काढून दिली.

"माझी दुनळी आहे," मी म्हटलं.

"काका, बंदूक बंदूकच असते."

"मग तुमची टोपी मला द्या, माझी तुम्ही घ्या. टोपी टोपीच असते."

बंदुकीवर नंबर असतो हे मलाही माहीत आहे. पण नंबर बारीक आणि हवालदाराचा चष्मा घरी. संध्याकाळपर्यंत वाद चालला, तेव्हा कुठे माझी दुनळी मागच्या खोलीतून निघाली.

घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, तांब्यावर नाव घालता, मग बंदुकीवर का नाही?"

चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात तिची मला पटलेली ही पहिली गोष्ट. तिनं लगेच चिंच भिजवली आणि डावी पट्टी घासून लख्ख केली, कारण काळ्यावर अक्षर उठत नाही. मग नळ्या आणि दस्ता वेगळे करून, जुन्या सतरंजीत गुंडाळून, परवाना खिशात ठेवून मी रिक्षानं नालासोपाऱ्याला गेलो. तिथल्या भांड्याच्या दुकानात एक कारागीर विजेच्या सुईनं नावं घालत बसतो. आमची सगळी भांडी त्याच्याच हातची.

सतरंजी उलगडल्यावर तो जरा मागे सरकला. "काका, आत काही आहे का?"

"आत काही असतं तर तुला विचारून आलो असतो का? इथे नाव घाल. माझं, वडिलांचं, आडनाव, गाव."

त्यानं सुंदर अक्षर काढलं. मी जरा कढईचा भाव विचारायला वळलो, परत बघतो तर गावाच्या पुढे 'यांजकडून सप्रेम भेट' आणि खाली दोन कोयऱ्या.

"हे काय?"

"काका, हात चालत गेला. दिवसभर लग्नाचीच भांडी करतो. पुसता येत नाही. जास्तीच्या अक्षरांचे पैसे देऊ नका, कोयऱ्या माझ्याकडून."

फुकटची अक्षरं कोण सोडतो? मी गप्प घेऊन आलो. पुढच्या निवडणुकीला हवालदारानं ते मोठ्यानं वाचलं. "काका, ही सप्रेम भेट नेमकी कोणाला द्यायची आहे?" सगळं ठाणं हसलं. पण निकालानंतर माझी बंदूक पहिल्या फटक्यात बाहेर आली. बाकीचे चिठ्ठ्या शोधत होते.

गेल्या वर्षी धाकटा वाडीत आला. आम्हा दोघांची वाटणी केव्हाच झाली होती, फक्त बंदूक राहिली होती. तो म्हणाला, "दादा, विलायती बंदुकीला आता मोल आहे. विकू आणि निम्मे निम्मे करू."

"आजोबांची बंदूक मी विकणार नाही."

"मग ठेव. किंमत करू आणि माझा अर्धा वाटा मला दे."

यात मला खोट काढता आली नाही, म्हणून मी जास्त चिडलो. बंदूक घरातून जाऊ द्यायची नव्हती. पण किंमत मोठी निघाली तर धाकट्याला द्यायला माझ्याकडे चिकू आणि केळीशिवाय होतं काय?

किंमत करायला त्यानं मुंबईचा एक बंदूकवाला आणला. दुकान परवान्याचं, माणूस सभ्य. ओटीवर बसून त्यानं भिंग लावून उजवी पट्टी पाहिली.

"वा. कारागिराचा हात बघा."

"बदकं आहेत," मी सांगितलं.

"तित्तर आहेत, काका." मग त्यानं बंदूक उलटी केली, भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि परत पाहिलं. "हे कोणी केलं?"

"मी करून घेतलं."

"यांजकडून सप्रेम भेट," त्यानं हळू वाचलं. "आणि घासलं कशानं?"

"चिंचेनं," बायको आतून अभिमानानं म्हणाली.

त्यानं भिंग खिशात टाकलं. "काका, जुनी बंदूक कारखान्यातून निघाली तशीच राहिली तर तिला किंमत. पहिल्या मालकानं तेव्हाच्या चांगल्या कारागिराकडून काही कोरून घेतलं असतं तर चढलीसुद्धा असती. नंतर कोणी नाव घातलं की उतरते. खरवडायला गेलात तर आणखी उतरते. ही निम्म्याच्याही खाली आली."

धाकट्याचा चेहरा पडला. बायको चहा घेऊन आली आणि कप ठेवताना तिनं माझ्या पायावर पाय दिला. मला कळत होतं. निम्म्याचं निम्मं दिलं की बंदूक घरात. देव इतकं सरळ काम क्वचित करतो. मी गप्प बसलोही होतो.

पण तो बंदूकवाला धाकट्याकडे वळून म्हणाला, "चांगली वस्तू खराब केली हो."

"खराब केली म्हणजे?" मी म्हटलं.

बायकोनं पाय आणखी दाबला.

"नाव नसलेला टोप गेला की त्याची किंमत किती उरते?" मी विचारलं.

"कसला टोप?"

"कसलाही. उरते किती?"

"काही नाही."

"आणि नाव असलेला परत येतो. मग नावानं किंमत वाढली की उतरली? तुमच्या दुकानावर पाटी आहे ना? खरवडून टाका, बघू दुकानाचे किती जास्त पैसे येतात."

बंदूकवाल्यानं चहा एका घोटात संपवला. धाकटा मात्र सरळ होऊन बसला. "दादाचं बरोबर आहे," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. "मग दादा, तू किंमत काय धरतोस?"

"पूर्ण. नाव नसतं तर जी झाली असती ती. आणि कोयऱ्यांचं वर थोडं."

"मला घ्यायची नाहीये," बंदूकवाला उठत म्हणाला. "काकांना पटेल ती धरा."

तीच धरली. बंदूक घरात राहिली आणि धाकट्याचा वाटा चिकूच्या रूपानं फेडायचं ठरलं. मागच्या हंगामापासून पेट्या एव्हरशाईन सिटीला जातायत आणि अजून बऱ्याच हंगामांत जाणार आहेत.

"आजोबांनी बंदूक आणली चिकू वाचवायला," बायको पेट्या भरताना म्हणते. "वाघळांनी तरी निम्मे ठेवले असते."

मी कोळसा घेतो आणि प्रत्येक पेटीवर माझं पूर्ण नाव, गाव आणि पुढे 'यांजकडून सप्रेम भेट' असं लिहितो. धाकट्यानं एकदा फोन केला. "दादा, भेट कसली? हक्काचे आहेत. लिफ्टमध्ये लोक वाचतात आणि मला विचारतात, काय कार्य होतं म्हणून."

"पेटी रिकामी झाली की परत पाठव," मी म्हटलं. "नाव आहे तिच्यावर."

पेट्या परत येतात. एकही गेलेली नाही.