हळद उतरवायचं सूत्र

मी धुळ्याची. गणितात बी.एस्सी. केलं आणि लग्न होऊन जळगावला पिंप्राळ्यात आले, ती थेट फोटो स्टुडिओवाल्यांच्या घरात. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. सासरे, म्हणजे नाना, यांचं उभं आयुष्य फोटोंना हाताने रंग लावण्यात गेलेलं. त्यांच्या ब्रशाच्या कृपेनं जिल्ह्यातले कितीतरी गाल बसलेले नवरदेव भिंतीवर टांगल्यावर गुटगुटीत दिसायचे. नवरा लग्नांच्या शूटिंगसाठी गावोगाव हिंडायचा. आणि मी कळण्याच्या भाकरी थापता थापता मनातल्या मनात समीकरणं सोडवायची. चिडचिड व्हायची, खोटं कशाला बोलू.

मग नवऱ्यानं मोठ्या हौसेनं कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणला. आणला खरा, पण त्याला त्यावर फक्त पत्ते खेळता यायचे. दुपारची भांडी आवरून मी दुकानात जाऊन बसायला लागले आणि सोबत आलेलं जाडजूड पुस्तक वाचून काढलं. तेव्हा कळलं की फोटो म्हणजे नुसते ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. आकडे बदलले की रंग बदलतो. म्हणजे हे तर माझंच माहेर निघालं. एवढे दिवस हे डबडं माझ्या नाकासमोर होतं आणि मी भाकरी थापत बसले होते.

नानांना हे मुळीच पटलं नाही. "माणसाच्या चेहऱ्याला आकडे लावायचे, सूनबाई? चेहरा म्हणजे काय विजेचं बिल आहे?"

मीही ऐकणारी नव्हते. बोलाचाली वाढली आणि शेवटी त्यांनी अट घातली. हाताने एक ठिपकाही न रंगवता, नुसत्या सूत्रानं सुधारलेला एक फोटो गिऱ्हाइकाला पसंत पडला, तर कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. नाही पडला, तर कॉम्प्युटर विकणाऱ्याला परत, आणि मी घरी. मी ताडकन हो म्हटलं. नवरा मधे पडायला बघत होता, त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं रावेरकडचं. केळीच्या बागा असलेल्या घरातल्या मावशी, सोबत नवी सून. सून साक्रीच्याही पलीकडच्या गावची. डोक्यावरचा पदर सावरत ती भिंतीला टेकून उभी राहिली. मावशींनी लग्नातला फोटो काढून काउंटरवर आपटला. "पाहा हो नाना. घरी येनारा जो तो इचारतो, सुनेला कावीळ झाली व्हती का म्हनून."

फोटो पाहून मलाही क्षणभर तसंच वाटलं. आमच्याकडं हळद लावतात ती शिंपडत नाहीत, थापतात, आणि लग्न लागलं तरी ती तोंडावर तशीच असते. त्यात माझ्या नवऱ्यानं व्हिडिओसाठी हॅलोजनचा पिवळा दिवा पोरीच्या तोंडासमोर धरलेला. कानांपासून हनुवटीपर्यंत पोरगी नुसती पिवळीजर्द. मावशींना हा फोटो मोठा करून बैठकीच्या खोलीत लावायचा होता आणि त्यातलाच एक लहान सुनेच्या माहेरी पाठवायचा होता.

मी पदर खोचला आणि फोटो स्कॅनरमध्ये घातला. पिवळा रंग म्हणजे निळ्याचा आकडा कमी पडलेला. तेव्हा सूत्र असं मांडलं की ठिपका जेवढा जास्त पिवळा, तेवढा त्यात निळा जास्त भरायचा. म्हणजे हळद दाट तिथं औषध दाट. बटण दाबलं. कॉम्प्युटर बराच वेळ कुरकुरला, मग चित्र वरून खाली एकेक पट्टी उघडत आलं. कपाळ उजळलं, गाल उजळले, आणि हळदीखालून एक गव्हाळ, जराशी घाबरलेली, गोड मुलगी बाहेर आली. नानांनीसुद्धा चष्मा पुसून पुन्हा लावला. मी मनात पेढे वाटून मोकळी झाले.

मावशी मात्र चेहऱ्याकडं बघतच नव्हत्या. त्यांची नजर गळ्यावर.

"हे काय वं बाई? सोनं कुठी गेलं?"

सगळ्या फोटोत सर्वांत पिवळं काय असणार, तर सोनं. माझ्या हुशार सूत्रानं सर्वांत जास्त निळा तिथंच ओतला होता. मंगळसूत्र, हार, पाटल्या, नथ, सगळं जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यासारखं पांढरंफटक. जिथं लोक सोनं घ्यायला लांबलांबून येतात त्या जळगावात बसून मी हा पराक्रम केला होता.

"थांबा मावशी, आत्ता करते," म्हणून मी सूत्र बदललं. फारच पिवळा ठिपका असेल तर त्याला हात लावायचा नाही. सोनं झळाळून परत आलं. पण हनुवटीवर आणि कानशिलांवर जिथं हळदीचे थर होते, तेही सोन्याइतकेच पिवळे, तेही जसेच्या तसे राहिले.

"आन् ही दाढी कोनाची?" मावशींनी विचारलं.

सून पदराआड फिसकन हसली. नवरा हसला. मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो चहा सांगायला निघून गेला. मग मी आकडे इकडचे तिकडे करत बसले. दाढी गेली की सोनं जायचं, सोनं आलं की दाढी यायची. सोन्याचे आणि दाट हळदीचे आकडे एकच. सूत्राला बिचाऱ्याला काय ठाऊक, कुठलं पिवळं दागिन्यातलं आणि कुठलं हळदीच्या वाटीतलं.

नानांनी ब्रशाचा डबा माझ्याकडं सरकवला. मी तो तसाच परत सरकवला. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या, रागानं.

अखेर मावशींनीच निकाल दिला. "राहू दे पिवळीच. सून काय, घरात रोज दिसते. सोनं तिजोरीत ऱ्हातं. फोटोत सोनं दिसलं पायजे."

नानांनी कॉम्प्युटरवर टाकायचं कापड हातात घेतलं. मी उठले.

तेवढ्यात भिंतीपासून आवाज आला. इतका वेळ एक अक्षर न बोललेली ती पोरगी पुढं आली. "ताई, तो पहिला फोटू काढी द्या माले. पांढरा सोनानावाला. मायले धाडसू."

मावशी उखडल्या. "गळ्यात जर्मन घालून माहेरी धाडू तुले? तुही माय काय म्हनंल?"

पोरीनं सासूपुढं मान वर केली नाही, पण आवाज खाली आला नाही. "सोनं मायनी दखेल शे, आत्याबाई. तिनीच करेल शे ते. आते तिले माले दखू द्या."

सोनं आईनंच केलेलं, पाहिलेलं; आता तिला लेक पाहू द्या, एवढंच तिचं म्हणणं. मावशी स्क्रीनकडं बघत राहिल्या. या वेळी गळ्याकडं नाही, चेहऱ्याकडं. मग म्हणाल्या, "काढा. दोन काढा तसे." दुसरा बैठकीसाठी, मोठा करून.

नानांनी हातातल्या कापडाची घडी घातली आणि ती माझ्याकडं दिली.