अक्कांना न सांगितलेली गोष्ट

अक्कांशी बोलताना आपली नजर जरा हलली, की त्या हनुवटी धरून आपलं तोंड स्वतःकडं वळवत. मग समोर पाहुणा असो की सरपंच. "तू दुसरीकडं बघितलंस म्हणजे माझ्या तोंडावर हात ठेवलास," असं त्यांचं म्हणणं. अक्का जन्मापासून बहिऱ्या होत्या, हातांनी बोलत. त्यांच्या खुणांचं इथलं मराठी माझं आहे.

कर्णबधिरांच्या समाजजीवनावर एम.ए.चा प्रबंध लिहायला मी सांगलीहून कोरेगावजवळच्या त्यांच्या गावी गेले आणि पाच महिने त्यांच्याच घरी राहिले. घर त्यांच्या भावाचं, फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदारकाकांचं. पुढच्या खोलीत अक्का ब्लाउज शिवत आणि मला खुणांची भाषा शिकवत. चौथीपर्यंत शिकल्यामुळं बोट ठेवून सावकाश वाचायच्या. माझ्या वहीत त्यांना एकदा 'मुकी' हा शब्द सापडला. शिवणाच्या खडूनं त्यांनी तो खोडला. "कोण मुकी? वहिनीला विचार, दिवसभर भांडतो आम्ही."

एके सकाळी काकांनी मला गोठ्यामागं बोलावलं. "पोरी, आज अक्काची कोरेगावला सही हाय. तिला लय काय सांगू नगं. आईच्या घराचं काम हाय म्हन, बास."

"कागद कसला आहे, काका?"

"हक्कसोड. दोन एकर ऊस हाय तिच्या हिश्श्याचा. एकटी बाई काय करनार हाय त्याचं?" मग जरा थांबून म्हणाले, "आमच्यात ऱ्हातीस, आमचंच खातीस. इसरू नगं."

एस.टी.त अक्का माझ्या शेजारी बसल्या. ठेवणीतली साडी नेसल्या होत्या. रस्ताभर वहिनीच्या नकला करत होत्या आणि मी हसत होते. सांगायला अर्धा तास होता. माझे हात मांडीवरून उठले नाहीत.

कचेरीत साहेबांनी विचारलं, "बाईंना मजकूर समजलाय ना?"

"व्हय व्हय, समदं समजलंय," काका म्हणाले. "घरचीच पोरगी हाय सांगायला."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. काकांनीही. कागदावरचं कचेरीचं मराठी अक्कांना वाचून लागणारं नव्हतं. हातात पेन होतं, पण त्या माझा चेहरा निरखत होत्या. त्यांनी खूण केली, "काय लिहिलंय?"

मी सांगितलं. जमीन. तुमचा हिस्सा. सोडला, असं लिहिलंय.

अक्कांनी पेन टेबलावर ठेवलं. "त्यांना सांग, मी सही करणार नाही." मी ते मोठ्यानं सांगितलं. काका खुर्ची ढकलून बाहेर निघून गेले. अक्कांनी तिकडं बघितलंही नाही. त्या मला विचारत होत्या, "तुला कधी कळलं?"

"सकाळी."

त्यांनी डोळे मिटून घेतले. बहिऱ्या माणसानं डोळे मिटले, की आपल्याला काही म्हणायची सोयच राहत नाही.

त्याच दिवशी मी बॅग भरून सांगलीला परतले. महिन्याभरानं अक्कांचा व्हिडिओ कॉल आला. "एस.टी.तला अर्धा तास तुझ्या प्रबंधात लिही. नाहीतर माझं काहीच लिहू नकोस." मी लिहिलं. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, ते पान काढ, परीक्षक तुलाच धरतील. मी काढलं नाही.

तोंडी परीक्षेला अक्का एकट्या सांगलीला आल्या आणि मागच्या खुर्चीवर बसल्या. परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. "तुम्ही गप्प का राहिलात?"

आधी अक्कांकडं वळून मी हातांनी उत्तर दिलं, मग तेच परीक्षकांना सांगितलं. "घाबरले. घराबाहेर काढलं तर प्रबंध अर्धवट राहील, म्हणून."

अक्कांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. परीक्षा संपायच्या आत त्या उठून स्टँडकडं निघून गेल्या.

पाचव्या दिवशी पुन्हा कॉल आला. अक्का बांधावर उभ्या होत्या. "मी वाटणी मागितलीय. मंगळवारी मोजणीवाले येतायत. सांगायला ये." मी हो म्हणायच्या आत त्यांनी बजावलं, "सगळं सांगायचं. माझ्या शिव्यासुद्धा."