निरंक

आत्याचं नाव निरंका. दुसरी निरंका मला आजवर भेटलेली नाही, म्हणून माझ्या मुलीचं नाव हेच ठेवायचं मी पक्कं केलं. आत्याला सांगितलं, तर तिचं तोंड एवढंसं झालं.

"अर्थ माहितीये का त्याचा?"

"निष्कलंक वगैरे असेल."

"डोंबल! तुझ्या आजोबांना माझं नाव ठरवता येईना, म्हणून नोंदणीच्या कारकुनानं रकान्यात लिहिलं, निरंक. म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. शाळेत बाईंनी पुढे काना जोडला, झाली मुलगी."

मला हसू आवरेना. ती मात्र हसली नाही.

आत्यानं एकतीस वर्षं एका सातमजली कचेरीत लिफ्ट चालवली. लोक आत शिरायचे आणि तिच्या हातावरून हात घालून स्वतःच बटण दाबायचे. तिच्या जागी कुणाला नेमायचं, हे एकदा दोन साहेबांनी तिच्यादेखत ठरवलं. जनगणनेवाला घरी आला, तिनं दिलेलं पाणी प्यायला आणि घरात कोणी नाही असं लिहून गेला. हे किस्से ऐकून आम्ही पोट धरून हसायचो. आता त्याची लाज वाटते.

"पोरीला असं करू नकोस गं," ती म्हणाली. पण मी हट्टाला पेटले की कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदणी कार्यालयात गेलो. बाळ माझ्या खांद्यावर, आत्या फुगून बाकावर. मी अर्ज भरून खिडकीत दिला. कारकुनानं तो उलटसुलट पाहिला.

"बाई, बाळाचं नाव लिहा की."

"लिहिलंय."

"कुठे?"

मी नावावर बोट ठेवलं. शाईसुद्धा वाळली नव्हती. त्यानं आधी बोटाकडे पाहिलं, मग वेड्याकडे पाहावं तसं माझ्याकडे. मी अर्ज मागे ओढला. त्या अक्षरांवर काट मारून मी पहिलं सुचलं ते नाव लिहिलं, चार घरांत सापडेल असं.

त्यानं शिक्का मारला आणि मान वर केली. "बाळाला घेऊनच आलात होय? मघाशी दिसलं नाही."

बाळ तासभर माझ्या खांद्यावर होतं, आणि त्यातला अर्धा तास रडत होतं. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती पुन्हा रडायला लागली.

"जेवणाची सुट्टी झाली," कारकून उठला. त्याचा हात पंख्याच्या बटणावर होता. "बाकावर कोणी नाही ना?"

"माझी आत्या आहे," मी म्हटलं.

आत्या पिशवी सावरत उठत होती. त्यानं तिकडे पाहिलं, माझी समजूत काढल्यासारखा हसला, आणि दिवे-पंखे बंद केले.