बघतोदादाचे हुक

आपण काम सांगायला तोंड उघडावं, तर वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणायचा, "मी बघतो." होही नाही, नाहीही नाही. म्हणेपर्यंत पाठ वळवून कामाला लागलेला असायचा. म्हणून उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या दुकानदारांनी त्याचं नावच बघतोदादा पाडलं. खरं नाव सांगितलं असतं तर तिथं कुणी ओळखलं नसतं.

कुळगावात तो आणि त्याची बायको सुनीता आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. कॅम्प दोनला बटणांच्या दुकानाच्या माळ्यावर त्याचं एवढंसं ऑफिस होतं. तिथं बसून तो दुकानदारांच्या वेबसाइटी बनवायचा. दोन हजार सात-आठचा काळ, साइट म्हणजे सगळ्यांनाच नवल. माझ्या शिवणक्लासचीही एक करून दिली त्यानं. ब्लाउजच्या कटिंगचे फोटो टाकलेले, गळ्यांचे नमुने टाकलेले. माझं शिक्षण बेताचंच, पण माऊस धरायला त्यानं शिकवलं.

मी विचारलं, "अरे, ते प्लगइन प्लगइन करतोस, ते काय असतं?"

"मावशी, साइट म्हणजे शिवून तयार ब्लाउज. त्याला हुक लागतात, अस्तर लागतं, लेस लागते. ते प्लगइन. एक हुक राहिला तर अंगात घालता येईल का?"

तेव्हा ते हुक एकेक शोधून, उतरवून घेऊन हातानं बसवावे लागत. एखादा राहिला की अख्खं पान पांढरं व्हायचं. बटणवाले सिंधी शेठ घाबरून वर धावत यायचे. "साईं, मेरा दुकान सफेद हो गया." बघतोदादाला त्या हातकामाचा भारी कंटाळा. म्हणून त्यानं कोडची एक लायब्ररीच लिहिली. साइटमध्ये ती एकदा घातली की काय कमी आहे ते तीच ओळखणार, आणणार, जागेवर बसवणार. "हुक आपल्या पायानं चालत येऊन बसले पाहिजेत, मावशी," म्हणायचा. ती चालू झाली त्या दिवशी त्यानं शेठला आणि मला माळ्यावर बोलावून दाखवलं. शेठ म्हणाले, "इसमें तेरा क्या काम रहा फिर?" दादा हसत सुटला. त्याला इतकं हसताना मी परत पाहिलं नाही.

एक चूक मात्र त्यानं केली, आणि ती मायेपोटी केली. बाहेरचे प्लगइन कुणीही बदलतं, मग गिऱ्हाइकाची साइट बिघडते, म्हणून स्वतः तपासलेले सगळे प्लगइन त्यानं इंटरनेटवरच्या भाड्याच्या एकाच जागेवर ठेवले. सगळ्यांच्या साइटी रोज तिथंच जाऊन विचारणार, सगळे हुक आहेत ना. त्या जागेची किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्याच्या एकट्याकडे. सुनीता शिकलेली, एका दवाखान्यात कॉम्प्युटरवरच बसायची. ती म्हणायची, "मला तरी दाखवून ठेवा." हा म्हणायचा, "दुसऱ्याच्या हातात दिलं की एखादं काज उलटं होतंच. मी बघतो ना."

मग त्याचे पाय सुजायला लागले. माझ्याकडं यायचा तो चप्पल हातात घेऊन, पायात जाईचना. शिलाई मशीनच्या पायडलवर पाय टेकून बसायचा. मी म्हटलं, "अरे, डॉक्टरला दाखव."

"बघतो."

"साइट बघतोस तसं बघ म्हणते मी."

"मावशी, साइट पांढरी झाली की माणसं ओरडतात. पाय कुठं ओरडतायत?"

सुनीतानं अखेर रडून-भांडून त्याला अंबरनाथला नेलं, तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, लवकर यायला हवं होतं. डायलिसिसला एक हात नळ्यांत अडकलेला, दुसऱ्या हातानं हा फोनवर. "हो शेठ, बघतो." सुनीता पलंगाशी वही घेऊन बसायची. "किल्ली सांगा, मी लिहून घेते." तो म्हणायचा, "बरा झालो की शिकवतो नीट. असं घाईनं नको." बरं व्हायचं जमलं नाही त्याला.

तो गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला शेठ आले होते. माळ्याच्या जिन्यावरची त्याची छत्री घेऊन आले, ती सुनीताच्या हातात दिली आणि मागं जाऊन बसले.

पुढं त्या जागेची मुदत संपली. चालू ठेवायला किल्ली कुणाकडेच नव्हती. साइटी रोजच्यासारख्या हुक विचारायला गेल्या आणि रिकाम्या परत आल्या. अशा वेळेसाठी दादानं लायब्ररीत एक ओळ लिहून ठेवली होती, गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून. ती प्रत्येकाच्या पानावर वरती उमटली: "एक वस्तू मिळाली नाही. काळजी नको, मी बघतो."

अंबरनाथचा एक मिठाईवाला, त्याला दादा गेल्याचं कळलंच नव्हतं. त्यानं सुनीताला फोन केला. "वहिनी, दादा आठवडाभर लिहितोय मी बघतो, मी बघतो. बघणार कधी?" सुनीतानं फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. त्या माणसाला मी सांगितलं. तो बराच वेळ नुसता "अच्छा, अच्छा" म्हणत राहिला.

दुकानदारांनी हळूहळू दुसरी माणसं धरली, नव्या साइटी केल्या. माझ्या पानावरचे गळ्यांचे नमुने गेले, कटिंग गेलं. ती ओळ राहिली. क्लासच्या पोरी म्हणायच्या, काढून टाका ना. मी काढली नाही, कारण दुपारी कामावरून आली की सुनीता वर यायची, माझ्या कॉम्प्युटरसमोर बसायची, ती ओळ वाचायची आणि चहा न घेता खाली जायची.

एक दिवस पान उघडलंच नाही. माझ्या साइटचीही मुदत संपली असणार. सुनीता त्या कोऱ्या पडद्यापुढं बसून राहिली. मग म्हणाली, "मावशी, एकदा तरी म्हणायचं होतं ना त्यांनी, 'सुनीता, तू बघ.'"