मामांची एकच मेंढी

आमच्याकडे बाप थकला की लेकानं त्याच्या हातातली काठी काढून घ्यायची, म्हणजे लेक कर्तबगार. नाहीतर गाव विचारतं, "म्हाताऱ्याला अजून रानात धाडता? लाज न्हाई का?" माझ्या नवऱ्यानं लाज राखली. सासरे जन्मभर शिरड शहापूरच्या शिवारात मेंढरं चारत फिरले. नवऱ्यानं ती सगळी जवळा बाजारच्या आठवडी बाजारात विकली, काठी माळ्यावर टाकली आणि बापाला म्हणाला, "आबा, आता बसून खा."

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा ओसरीतल्या खाटेवर बसले. दात गेले म्हणून भाकरी बंद झाली, मऊ भात सुरू झाला. दिवसभर गोड चहा आणि त्यात बुडवलेली बिस्किटं. येणारा-जाणारा म्हणायचा, "नशीबवान हायेत म्हातारबुवा." हा नशीबवान माणूस पोटानं सुटत गेला आणि डोक्यानं आटत गेला. आधी चष्मा कुठं ठेवला ते विसरले, मग जेवलो की नाही तेही. एकदा मला म्हणाले, "पोरी, तू कोणाची?" मी म्हटलं, "तुमचीच." रडू यायला हवं होतं, आलं नाही. चुलीवर दूध होतं, ते उतरवलं.

हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज चालवा, ज्वारी, डाळी, पालेभाज्या द्या, साखर कमी करा. गेलेलं परत येईलच असं नाही, उरलेलं टिकवायचं. नवरा बाहेर येऊन एवढंच म्हणाला, "बाकी काही बी विसरू दे. मला वळखलं पायजे."

खाण्याचं जमलं. वरणात कुस्करलेली भाकरी, करडईची भाजी, जवसाची चटणी मामा मुकाट्यानं खायचे. चालण्याचं मात्र जमेना. "रिकामं काहून फिरू? येडा हाय का मी?" त्यांचंही बरोबर होतं. बिनकामाचं फिरतो त्याला आमच्यात येडाच म्हणतात. शेवटी मी माहेराहून एक मेंढी आणली. चुलतसासू म्हणाली, "बैल गेला अन् झोपा केला." म्हणू दे.

मेंढी दिसताच मामा खाटेवरून उठले आणि काठी मागू लागले. नवऱ्यानं काही माळ्यावरची काढून दिली नाही, गाव काय म्हणेल म्हणून. मामांनी कुडाची एक तुराटी उपसली आणि निघाले. मग रोज सकाळी पुढं मेंढी, मागं मामा, त्यांच्यामागं मी. "एका मेंढीला दोन राखणदार," असं लोक हसायचे. नवरा मान खाली घालून शेताकडे जायचा.

हळूहळू मामांना झोप लागू लागली. जेवल्याचं ध्यानात राहू लागलं. मेंढीच्या खुरात काटा होता, तो त्यांनीच हेरला आणि काढला. एक दिवस म्हणाले, "भाकर करपली, पोरी." मला बरं वाटलं असावं. नक्की सांगता येत नाही. अलीकडे बरंवाईट मला उशिराच कळतं.

नवरा मात्र अजून वाट बघत होता. एका संध्याकाळी तो शेतातून आला, मामांच्या शेजारी जाऊन मेंढीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आबा, मी कोण?"

मामा बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत ओळख आली. मी समोरच होते, मी ती पाहिली. मग त्यांनी मेंढीची दोरी आपल्याकडे ओढली आणि मला म्हणाले, "ह्याला हात लावू देऊ नको, पोरी. ह्यो इकतो."

नवरा हात धुवायला गेला आणि तिथंच बसून राहिला. मी भाकरी थापायला घेतली.

सकाळी उठले तर तो माळ्यावरून उतरत होता. काठीवरची धूळ त्यानं धोतराच्या फडक्यानं पुसली आणि ती बापाच्या हातात दिली. मामांनी ती जमिनीवर आपटून पाहिली आणि मेंढी सोडली. नवरा त्यांच्यामागं निघाला, मेंढीपासून जरा लांब, हात पाठीमागं धरून.