भिंतीजवळचं ऊन

ऊन खात बसायला जपानीत खास शब्द आहे, हिनाताबोक्को. परक्या भाषेत असा आपल्या अंगणातला शब्द भेटला की बरं वाटतं. पण याच शब्दापायी चाकणच्या कंपनीत माझं डोकं फिरलं, ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

मी तिथे दुभाषी आहे. धूळ चालत नाही म्हणून असेंब्लीच्या हॉलला खिडकी नाही आणि एसी कायम चालू. थंडीच्या दिवसांत कुरुळीहून येणाऱ्या बायका चहाच्या सुट्टीत गारठून बाहेर यायच्या आणि मागच्या भिंतीला पाठ लावून ऊन खात बसायच्या. ओव्हरटाइम धरला तर अंधारात घर सोडायचं आणि अंधारातच परतायचं. दिवसभरात तेवढंच ऊन त्यांच्या वाट्याला यायचं.

एकदा आमचे जपानी साहेब तिथून जाताना थबकले आणि हसून म्हणाले, "हिनाताबोक्को." बरोबरच्या एचआरवाल्यांना मी अर्थ सांगितला, कौतुकानं म्हणतायत हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी भिंतीपुढे दोरी, वर पाटी : येथे बसू नये.

मी तडक एचआरवाल्यांच्या केबिनमध्ये गेले. "अहो, साहेब खूश झाले होते!"

"झाले ना. पण त्यांच्या नजरेत आलं की नाही, मॅडम?"

साहेबांची भुवई हलली की यांची कंबर वाकते. शिकून हेच शिकले! मग मी साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि इथल्या व्यवस्थेत आपण पडत नाही म्हणाले. हा सभ्यपणा मला त्या दोरीहून जास्त झोंबला.

बायका आता संडासाच्या बोळात उभ्यानं चहा पिऊ लागल्या. त्यांच्यातल्या थोरलीनं मला विचारलं, "ताई, आमी काय चोरी केली व्हय?"

त्याच आठवड्यात हॉलमध्ये क्वालिटीची सभा झाली. कुणी बघत नसलं तरी काम चोख करा, असं सांगून साहेब म्हणाले, "ओतेन्तोसामा गा मितेइरु." सूर्यदेव बघतोय. जपानात मोठी माणसं मुलांना असंच बजावतात. मी ते मराठीत सांगितलं. बायका खाली बघत उभ्या होत्या.

दुभाष्यानं पदरचं एक अक्षर बोलायचं नसतं, हा आमच्या कामाचा पहिला नियम. तरी मी साहेबांकडे वळले आणि जपानीत विचारलं, "इथं तो कुठून बघणार? बाहेर बघायचा, तर तिथं तुमच्या कंपनीनं दोरी बांधलीय."

साहेबांनी वर ट्यूबलाइटकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"काय म्हणाले साहेब?" एचआरवाले माझ्या कानाशी कुजबुजले.

"साहेब नाही, मी म्हणाले," मी म्हटलं, आणि मागच्या रांगेतल्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ते सगळं पुन्हा मराठीत सांगितलं.